तनुजाच्या चाकातला फोम

रविवार, ८ मार्च २०२६

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, सुलीभंजनच्या डोंगरामागच्या कच्च्या उतारावर, तनुजा सायकलवरून पडली. वेळ आजच लिहून ठेवते. उद्यापासून सगळे ‘साधारण साडेसात-आठ असतील’ म्हणायला लागतील. उभा जन्म कोर्टात स्टेनोगिरी केली, माणसं कशी विसरतात ते मला ठाऊक आहे.

मी तिच्या मागेच होते. आधी फुस्स आवाज. मग पुढचा टायर रिमवरून सुटला, चाक आडवं झालं आणि ती पाठीवर दगडात. हेल्मेटला ओरखडासुद्धा नाही! मी सायकल टाकून धावले. ती शुद्धीत होती. म्हणाली, “ताई, माझे पाय कुठायत?”

पाय माझ्यासमोर होते. एक बूट निघालेला.

आज महिला दिन. आमच्या सायकल ग्रुपचा म्होरक्या अभय, त्यानं आम्हा बायकांसाठी गुलाबी टी-शर्ट छापून घेतले होते. पाठीवर ‘न थांबणारी ती’. दवाखान्यात नर्सनं तनुजाचा कात्रीनं मधोमध कापला आणि बादलीत टाकला.

तनुजा आमच्या गल्लीतली. बेचाळीस वर्षांची. गणिताच्या शिकवण्या घेते. मुलगी सोनिया बारावीला, एक पेपर अजून बाकी आहे. आईला बघायला आली तेव्हा हातात सराव परीक्षेचं पॅड तसंच.

राजेंद्र दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला रडताना दुसऱ्यांदा पाहिलं.

सोमवार, ९ मार्च

झोप नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरते — टायर सुटलाच कसा? न सुटण्यासाठीच तर तो सगळा उपद्व्याप केला होता!

आमच्या या खडीवरून चालवायच्या सायकली — ग्रॅव्हल म्हणतात. टायरात ट्यूब नाही. त्याऐवजी आत दुधासारखं पांढरं द्रव घालतात. काटा घुसला की ते भोकात जाऊन घट्ट होतं आणि हवा थांबते. शिवाय आत रिमभोवती फोमचं एक कडं बसवतात. दगड लागला तर रिम वाचते, आणि हवा गेलीच तर टायर जागेवर राहतो. विकतचं कडं महाग. राजेंद्र म्हणाले, “फोमच ना? मी तीस वर्षं दुसरं काय केलं?” वाळूजला दुचाकीच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात होते ते. बजाजनगरातून मोतीराम या जुन्या सहकाऱ्याकडून सीटचा फोम आणला, आमच्या गॅलरीत कापला, चिकटवला आणि ग्रुपमधल्या सगळ्यांच्या चाकांत स्वतःच्या हातानं बसवला. दिवाळीची भेट! फुकट! केवढं कौतुक झालं. तनुजानं अनारशांचा डबा आणून दिला होता.

माझ्या पुढच्या टायरातून आज दोन काटे उपटले. बाभळीचे, त्याच उतारावरचे. भोवती पांढरा ठिपका — भोक आपोआप बुजलेलं. नशीब एकेकाचं.

बुधवार, ११ मार्च

डॉक्टर मोजून मापून बोलले. मणका चेपला आहे. कंबरेखाली संवेदना नाही. परत येईल का? “आत्ताच सांगता येणार नाही.” हे उत्तर मी कोर्टात साक्षीदारांकडून पुष्कळ ऐकलं आहे. त्याचा अर्थ एकच असतो.

तिचा नवरा विश्वजीत कॉरिडॉरमध्ये उभा. घरात कमोड बसवायचा, दरवाजा रुंद करायचा, याच्याबद्दल बोलत होता. मी मान डोलावत राहिले.

तनुजाला पाच मिनिटं भेटू दिलं. माझा हात धरून म्हणाली, “ताई, दादांना काही बोलू नका हं. ते मनाला लावून घेतील. मीच ब्रेक जोरात दाबला असेल.”

दादा म्हणजे राजेंद्र. स्वतःचे पाय गेलेत आणि हिला त्यांच्या मनाची काळजी!

शुक्रवार, १३ मार्च

अभयनं तनुजाची सायकल टेम्पोतून आमच्याकडे टाकली — “काकांना दुरुस्त करू दे.” राजेंद्र दवाखान्यात होते. मी वाट पाहिली नाही. अर्धवट सुटलेला टायर ओढून काढला.

आत दूध नाही. थेंब नाही. फोम तेवढा सापडला — रबडीत बुडवलेल्या पावासारखा. ओला, जड, सगळा एका बाजूला गोळा झालेला. पिळला तर बोटांमधून पांढरं गळलं. म्हणजे भोक बुजवायचं द्रव हा फोमच पिऊन बसला होता! काटा घुसल्यावर ते येणार कुठून? आणि गोळा झालेला फोम टायर धरणार कसा?

गॅलरीत दिवाळीतल्या फोमचे तुकडे आहेत. एक वाटीत ठेवला. बाटलीतलं उरलेलं द्रव वर ओतलं. झाकून ठेवलं.

शनिवार, १४ मार्च

वाटी कोरडी.

रविवार, १५ मार्च

सकाळी चहाबरोबर वाटी राजेंद्रच्या पुढ्यात ठेवली. बघितली. सरकवली. “वाटी म्हणजे चाक नव्हे, सुलेखा.”

मी म्हटलं, सीटचा फोम म्हणजे स्पंज. आत भोकाला भोक जोडलेलं. चाकातला फोम दुसऱ्या जातीचा असतो, त्यात पाणी शिरत नाही. हे मला दोन दिवसांत वाचून कळलं. तुम्हाला तीस वर्षांत कळलं नाही?

“तिनं हवा कमी ठेवली असेल. बायका तपासतात कुठं?”

तपासते ती! दर वेळी. माझ्यासमोर. पण ते पेपर वाचायला लागलेले. मग मी सरळच विचारलं — बाकीच्यांच्या चाकांत तोच फोम आहे. त्यांना काढायला सांगणार की नाही?

“आत्ता सांगितलं तर तनुजाचं खापर माझ्यावर फुटेल. तुला तेच हवंय का?”

संध्याकाळी ग्रुप आमच्या हॉलमध्ये जमला. पुढच्या रविवारी, बावीसला, ‘तनुजासाठी राइड’. रस्ता तोच! तोच उतार! तिथं थांबून म्हणे फुलं ठेवायची. बाई जिवंत आहे आणि हे फुलं ठेवणार! वर राजेंद्रला शाल आणि नारळ — दवाखान्यात रोज सूप घेऊन जातात म्हणून. छावणीतल्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की सिस्टर बाकावर उभं करायच्या. इथं शाल मिळते.

मी उठून सांगितलं. फोम काढा, मगच चालवा. वाटी दाखवली. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट. अभय म्हणाला, “ताई, तुम्ही दमलाय.” आणि मग राजेंद्र उठले. शांतपणे. “सुलेखाच्या चाकांत तोच फोम आहे. माझ्याही. त्याच दिवशी, त्याच उतारावरून ही आली. झालं काही?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटी उचलून आत नेली. कारण काटे तर मीच उपटले होते, आणि भोकं बुजलेली होती.

रात्री ग्रुपवर लिहिलं. अभयनं काढून टाकलं. “ताई प्लीज, ग्रुपवर निगेटिव्ह नको. काकांनी स्वतः सांगितलं तर आम्ही लगेच काढू. तेच एक्स्पर्ट आहेत.”

मंगळवार, १७ मार्च

तनुजाची आई द्वारकाबाई गावाकडून आल्या आहेत. दवाखान्याच्या बाकावर भाकरीचं फडकं सोडून बसल्या होत्या, खात नव्हत्या. मी फोमचं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“व्हय बाई, आसंल बी. पन त्यांनी फुकाट केलं व्हतं ना? इकत घेतलं आस्तं तर दुकानदाराची गचांडी धरली आस्ती. फुकाट देनाऱ्याला काय इचारावं?”

“पाय गेले तिचे, द्वारकाबाई.”

“गेलेच की. आता मानूस बी घालवू का? दोन येळ सूप घिऊन येतोय त्यो. तिचा नवरा सुदिक यवढं करीत नाय.”

आत राजेंद्र चमच्यानं सूप भरवत होते. “हं, दादांचा शेवटचा घास.” तनुजा हसली. मी दारातून परत फिरले.

विकलं असतं तर पावती असती, गॅरंटी असती, तक्रार असती. भेट दिली की सगळ्यांची तोंडं शिवली. तिच्या अनारशांच्या डब्यासकट.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. गुढी उभारली, कारण गल्ली बघते. तनुजाच्या घरावर नाही.

रात्री सोनिया आली. कालचा पेपर झाला म्हणाली. कसा गेला ते मी विचारलं नाही. तिनंच विचारलं, “काकू, रविवारी मीपण येऊ? आईची जुनी सायकल आहे ना घरी, काकांनी तिलाही फोम घातलाय. अभयदादा म्हणाले, मी पुढे चालले तर छान दिसेल.”

छान दिसेल!

“नाही,” म्हटलं. “बाबा हो म्हणालेत,” म्हणाली. “काकापण काही बोलले नाहीत.”

काही बोलले नाहीत. पोरीसमोर बसून, पुरणपोळीवर तूप ओतत!

ठरलं. उद्या ते सूप घेऊन गेले की माझं स्वतःचं चाक उघडायचं. भिजलेला गोळा काढायचा आणि अभयच्या टेबलावर ठेवायचा — हा घे, सुलेखाला का झालं नाही असं वाटलं होतं ना सगळ्यांना? उद्या होणार होतं, ते बघ.

सायकल उचलून आत्ताच खोलीत आणून ठेवली. हलकी आहे. संक्रांतीला त्यांनी धुऊन-पुसून दिली तेव्हापासून हलकी लागते. तेव्हा बोललेही होते मी. “तुझे पाय तयार झालेत आता,” म्हणाले. किती खूश झाले होते मी!

शुक्रवार, २० मार्च

फोम नाही. माझ्या चाकात आत काळं, टणक, विकतचं कडं. कंपनीचं नाव छापलेलं. दूध तळाशी खळखळतं आहे. मग त्यांची सायकल उघडली. तेच.

गॅलरी पुसली. हात धुतले. कागदावर खालचा मजकूर लिहून त्यांच्या चष्म्याखाली ठेवला, आणि इथं नक्कल:

श्री. राजेंद्र यांस. आपल्या दोघांच्या चाकांतला फोम आपण कोणत्या तारखेला काढलात? का काढलात? तो तनुजाच्या चाकात का राहू दिलात, आणि सोनियाच्या का राहू देत आहात? उत्तर लेखी हवं. स्वतःच्या अक्षरात, सहीसह. शनिवार, २१ मार्च, संध्याकाळी सहाच्या आत. सहा वाजता ते ग्रुपवर जाईल. न आल्यास ही काळी कडी आणि तो भिजका फोम घेऊन मी विश्वजीतकडे जाईन. तोंडी उत्तर स्वीकारलं जाणार नाही.