समोरासमोरचं एक जेवण

सोम., १२ फेब्रु.
आज मावशीकडे. शेंगापोळी, पुन्हा. टॉवेल-टोपी, पुन्हा. लग्न झाल्यापासून रोज रात्री कुणाच्या तरी घरी जेवतोय आणि प्रत्येक घरात बैठक एकच : मी बाहेरच्या खोलीत पुरुषांत, शैला आत बायकांत. पन्नाशी उलटल्यावर लग्न केलं, ते बहुधा मामांशेजारी बसून जेवण्यासाठी.

आतून तिचा आवाज तेवढा ऐकू येतो. "साकु, साकु." तिच्या माहेरी अक्कलकोटकडे कानडी. साकु म्हणजे पुरे. आमच्याकडे कुणाला कळत नाही, म्हणून आणखी वाढतात.

रिक्षात म्हणाली, "तुम्ही जेवताना कसे दिसता, मला अजून माहीत नाही."

महाबळेश्वर तिनेच रद्द केलं. येत्या सोमवारी शिवजयंती, वैरागला ती शिकवते त्या शाळेत कार्यक्रम, बाई हजर हव्यात. म्हणजे रविवारची एसटी. बदली होईल तेव्हा होईल. मधुचंद्राऐवजी तिला एक जेवण हवंय. बाहेर, समोरासमोर, ओळखीचं कुणी नको. शनिवारपर्यंत.

म्हटलं, एवढंच ना.

मंगळ., १३
एवढंच नाही.

सोलापूरची निम्मी कीर्ती मटणावर, आणि शै. मटण खात नाही. मग कडक भाकरी, शेंगाचटणी, दहीवाली खानावळ सुचवली. "ते मी वैरागला रोज खाते. एकटी." विषय संपला.

विजापूर रोडचं गार्डन हॉटेल : तिथे एक गाणारा माणूस ठेवलाय, टेबलापाशी येऊन डोळे मिटून गातो. बाद. होटगी रोडचं गच्चीवरचं : मॅनेजर दादाचा वर्गमित्र. जेवण येण्याआधी दादाला फोन जाईल. बाद.

एवढं मोठं शहर, आणि ज्याच्याशी नातं निघणार नाही असा एक मॅनेजर नाही.

बुध., १४
दुपारी सात रस्त्याकडच्या एका नव्या एसी हॉटेलात पाहणीला गेलो. एकटाच. वेटरने दारातच अडवलं.

"फॅमिली हाय का?"
"आहे."
"कुटंय?"
"घरी."
"मग फॅमिली सेक्शनला सोडता येत न्हाय. हितं बसा."

हितं म्हणजे बेसिनशेजारी. तिथून मान वाकडी करून पाहिलं. प्लायवूडचे खोके, प्रत्येकाला मरून पडदा. आजची तारीख लक्षात घेऊन लाल फुगे. पडद्याखालून फक्त चपला दिसत होत्या.

शै.ला सांगितलं. म्हणाली, "पडदा नको. मला लपून नाही जेवायचं. नुसतं बसून जेवायचंय."

हे वाक्य तेव्हापासून डोक्यात. पेपरातल्या माझ्या कॉलमसाठी चांगलं होतं. लिहिणार नाही.

शुक्र., १६
सापडलं.

पुणे रोडला, वस्ती संपल्यावर. शुद्ध शाकाहारी. गाणारा नाही, पडदे नाहीत. खिडकीला लागून दोघांचं टेबल. मालकाने मोबाइलमधून मान वर केली नाही, म्हणजे आदर्श मालक. टेबल सांगून ठेवलं, नाव खोटं दिलं. स्वतःच्याच बायकोला जेवायला न्यायचं, त्यासाठी.

शै.ने मोरपंखी साडी इस्त्रीला दिली. इस्त्रीवाला साडी घेऊन आला, दार वहिनींनी उघडलं.

शनि., १७
काल साडी वहिनींच्या हाती पडली, तेव्हाच धोका कळायला हवा होता. संध्याकाळी वहिनी उंबऱ्यात.

"भाऊजी, अंगाची हळद उतरली न्हाई अजून. दोघांनीच रात्रीचं गावाबाहेर? जाऊ ने."
"वहिनी, मी एक्कावन्न वर्षांचा आहे."
"हळदीला वय कुटं कळतंय?"
"मग?"
"मग काय, आमी येतो की सोबतीला. मावशींना, मामांना पण सांगितलंय."

दादाची गाडी, मागे दोन रिक्षा. आदर्श मालकाने आता मान वर केली आणि आनंदाने टेबलं जोडली. खिडकीजवळचं दोघांचं टेबलही ओढून शेपटाला लावलं. त्यावर पर्सा ठेवल्या.

कुणी काही सांगितलं नाही, तरी पुरुष दाराकडून बसले, बायका खिडकीकडून. मी मामांशेजारी. शै. थेट दुसऱ्या टोकाला, मावशीच्या आड. मध्ये अख्खा गोतावळा आणि पनीर. दोन-तीनदा मान पुढे काढून तिने माझ्याकडे पाहिलं. मी नेमका तेव्हा मामांच्या मूतखड्याविषयी ऐकत होतो. चौथ्यांदा नजर मिळाली. तिचे ओठ हलले. साकु.

मावशीने तिला आणखी एक रोटी वाढली.

मामांनी टॉवेल-टोपी बरोबर आणली होती. हॉटेलातच टोपी घातली मला. वेटर टाळ्या वाजवत होते. दादा म्हणाला, "जागा मस्त शोधलीस."

घरी आल्यावर शै.ने साडी बदलली. साडी घडी करताना एवढंच, "इस्त्री मोडली नाही. पुन्हा नेसता येईल."

रवि., १८
स्टँडवर. वहिनींनी दिलेली शेंगापोळी तिच्या मांडीवर. खिडकीतून म्हणाली,

"पुढच्या शनिवारी तुम्ही या. वैरागला नको, तिथं प्रत्येक हॉटेलात माझा कुणीतरी विद्यार्थी निघतो. 'बाई, अजून काय देऊ' म्हणत टेबलापाशी उभा राहील. आपण टेंभुर्णीला भेटू. हायवेवर. तिथं सगळे घाईत असतात, कुणी कुणाकडे बघत नाही."
"चालेल."
"तिथं आपलं कुणी नाही ना?"
"कुणी नाही."

एसटी स्टँडबाहेर पडल्यावर आठवलं. मावशीची नणंद.

घरी येऊन एकटा जेवलो. समोर भिंत. तिनेही मान पुढे काढून पाहिलं नाही.

शुक्र., २३
यावेळी काळजी घेतली. शर्ट इस्त्रीला दिला नाही. उद्या चुरगळलेलाच घालणार. घरात सांगितलं, माळशिरसला व्याख्यान आहे.

वहिनी : "कशावर?"
"विनोदावर."
"मग आमी न्हाय येत."

इतका सोपा विजय. पंधरा वर्षं विनोदी लिहिल्याचं सार्थक झालं.

चहा संपायच्या आत मावशी आली. हातात स्टीलचा डबा.

"माळशिरसला चाललास म्हणे? टेंभुर्णीवरनं जा की. नणंदेला एवढ्या शेंगापोळ्या दे. तिला फोन करून ठेवलाय. जेवल्याशिवाय सोडणार न्हाई ती."

आत्ता शै.चा फोन. मोरपंखीच नेसणार आहे. मग, "टेंभुर्णीला कुणी नाही ना, नक्की?"

डबा समोर टेबलावर होता. अजून गरम.

"नक्की," म्हणालो.