चार वाजताची खूण

३ नोव्हेंबर
निवड झाली! परिचारिकांच्या परिषदेत माझं सादरीकरण – आठ मिनिटं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं की पाठीच्या जखमा किती कमी होतात, त्यावर. चौदा महिने, एकशे बारा रुग्ण, आणि माझ्या खिशातली वही. वळवलं की वेळ लिहायची. नाही वळवलं तर जागा कोरी.

वॉर्डातल्या कूस बदलल्याच्या तक्त्यावर माझा काडीचा भरवसा नाही. तो ड्यूटी संपताना एका बैठकीत, एकाच पेनाने भरला जातो. सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही.

नवरा म्हणाला, "बावीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या हाती माइक येतोय. सोडू नकोस!"

११ नोव्हेंबर
स्टोअररूममध्ये तालीम, सलग चौथा दिवस. साडेतीन ते साडेपाच. लेकीने स्लाइड करून दिल्या, वर शिकवण – "आई, आकडे कमी, हसणं जास्त."

परत आले तर माझ्या वॉर्डातले पेशंट, निवृत्त शाळामास्तर, वाट बघत होते. अर्धांगाने डावी बाजू गेली, पण जीभ शाबूत. कूस बदलायची वेळ झाली की म्हणतात, "घंटा झाली." आज म्हणाले, "बाई, तास फार लांबला." चार वाजता त्यांना वळवायचं होतं. माझा बेड. वॉर्डातल्या मावशीला सांगायचं राहून गेलं. चारही दिवस.

वहीत चारची जागा कोरी ठेवली. तक्त्यावर मात्र खूण केली. सगळेच करतात.

१५ नोव्हेंबर
मास्तरांच्या माकडहाडावर लाल चट्टा.

२० नोव्हेंबर
नर्सिंग कॉलेजातल्या मुली तक्त्यांचे फोटो काढून गेल्या. इस्त्रीच्या विद्यार्थिनी. इस्त्री हे आम्ही ठेवलेलं नाव; माझ्याच बॅचची, आता तिथे शिकवते. शिकतानाही तिच्या ऍप्रनला डाग म्हणून पडला नाही – बेडपॅन यायच्या वेळी ही कायम लायब्ररीत! म्हणे तिचंही संशोधन आहे. असेना.

मास्तरांचा चट्टा फुटला. ड्रेसिंग मीच करते.

६ डिसेंबर
आज परिषद झाली.

माझ्या वेळी एक परीक्षक फोनमध्ये, दुसरे पाकिटातले काजू वेचत होते. सातव्या मिनिटाला घंटा. आठव्या मिनिटाला माइक बंद! निष्कर्ष घशातच राहिला. गुणपत्रिकेवर शेरा – "तळमळ चांगली. स्लाइडवर मजकूर जास्त."

उत्कृष्ट सादरीकरणाचा पुरस्कार इस्त्रीला. काचेची ढाल, शाल, फोटो. आणि संशोधन काय? चार वॉर्डांचे तक्ते. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा रुग्ण वेळेवर वळवले, तरी जखमा झाल्याच! म्हणून दोन तासांचा आग्रह फुकट, चार तास पुरे. टाळ्या. अरे, तक्ते खोटे आहेत रे! अख्ख्या सभागृहात नर्सेस बसलेल्या, आणि एकीने तोंड उघडलं नाही.

"कुणाला प्रश्न?" असं विचारलं तेव्हा मी उठले होते. तेवढ्यात पडद्यावर 'आदर्श तक्ता' आला. नाव झाकलेलं. पण लांब शेपटीची बरोबरची खूण मी एकटीच करते. मास्तरांचा तक्ता. अकरा तारीख.

मी बसले. शेजारची म्हणाली, "पाय दुखतायत का गं?" हो म्हटलं.

९ डिसेंबर
नवरा म्हणतो, "ढालीवर धूळच बसते, सोड." त्याला वाटतं मी ढालीसाठी रडतेय. काल मलाही तसंच वाटत होतं.

१८ डिसेंबर
परिपत्रक आलं. एक तारखेपासून कूस दर चार तासांनी. "पुरस्कारप्राप्त संशोधनाच्या आधारे." काम घटणार म्हणून वॉर्डातल्या दोन्ही मावश्यांची बदली दुसरीकडे. मोठ्या मावशीने विचारलं, "सिस्टर, तुम्ही एवढं वहीत लिहीत होता, त्याचं काय झालं?"

वही दाखवली तर परिपत्रक टिकणार नाही. त्यातल्या वेळा खऱ्या आहेत. पण वहीसमोर तक्ता ठेवला की पहिली चोर मीच सापडणार. इस्त्रीला शिव्या घालणं सोपं होतं. तिने तर फक्त आमच्या खुणांवर विश्वास ठेवला.

२२ डिसेंबर
मास्तरांची जखम हाडापर्यंत. ड्रेसिंग करताना ओरडले नाहीत. म्हणाले, "तुमचा हात हलका आहे, बाई." मी कुणीकडे बघू ते कळेना.

२३ डिसेंबर
सकाळी मेट्रनच्या टेबलावर वही आणि अकरा तारखेचा तक्ता शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी दोन्ही वाचले, चष्मा काढला.

"ही चारची खूण खोटी आहे. कुणाची?"

माझी, म्हटलं.