तांडा जेवत नाही

६ ऑक्टोबर २००३, सोमवार

अर्धं पातेलं खिचडी आज ढोरांना घातली! शाळेत सरकारी खिचडी सुरू झाली, शिजवायला बौद्धवाड्यातल्या पंचफुलाबाई लागल्या आणि गावाच्या पोटात दुखायला लागलं. मोठ्या घरच्यांनी पोरांना डबे बांधून दिले. त्यांचं मला नवल नाही. पण आमचा बंजाऱ्यांचा तांडा! निम्मा पट तांड्याचा. माझ्याच वर्गातली पोरं ताटं पालथी घालून बसली. "बाई, नायकानं नको म्हनलं."

नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, गुलाबसिंग. म्हणजे माझाच बाप!

७ ऑक्टोबर

हेडसर म्हणाले, "मीना मॅडम, तुम्ही शिक्षणसेवक आहात. कायम व्हायचंय ना? मग गप राहा." दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी तांड्याची पोरं जेवली नाहीत, तर स्वयंपाकाची बाई बदलणार.

पंचफुलाबाईंना हे मीच सांगितलं. चुलीत लाकूड सारत त्या म्हणाल्या, "बदलू द्या. तवर मी शिजवून राहिले ना? डाळ-तांदूळ बराबर पडंल. खानं न खानं त्यायच्या हातात." मीच रडकुंडीला आले होते. त्यांनी मलाच वर पाणी दिलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

एम.ए.चा अभ्यास. हिंगोलीहून आणलेलं पुस्तक, रवांडाचं प्रकरण. हे घडलं तेव्हा मी दहावीत होते, आणि मला पत्ताही नव्हता! शेजाऱ्यांनी शेजारी कापले. आधी ओळखपत्रावर जमात लिहिली. मग रेडिओवरून त्यांना झुरळं म्हणायला लागले. कोयते सगळ्यात शेवटी आले. आणि जगानं गोष्ट ऐकली ती कोयत्यापासून पुढची.

खिचडी नको म्हणणारा प्रत्येक जण उद्या खुनी होतो, असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या हातचं खायचं नाही, त्याचं घर पेटलं तर बादली घेऊन कोण धावेल? अठ्ठ्याहत्तर साली नामांतरावरून मराठवाड्यात पेटलंच की! पंचफुलाबाईंचं माहेरचं घर त्यातच गेलं. त्या पाच-सहा वर्षांच्या होत्या. गाव बघत उभं होतं, म्हणाल्या.

आता अभ्यास काय डोंबल होणार.

१४ ऑक्टोबर

जेवताना भांडण. मी बापूला शाहू महाराजांचं सांगितलं. अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळ्याच्या हॉटेलात महाराज स्वतः चहा प्यायले, सगळ्या कोल्हापूरच्या देखत.

"ते राजे व्हते," बापू म्हणाला. "राजाला कोन जाब इचारतो? मला तांडा इचारतो."

"त्याच राजानं आपल्या राज्यातली हजेरी बंद केली. तुझ्या बापाला निजामाच्या चौकीवर रोज हजेरी द्यावी लागायची ना? जन्मतःच चोर म्हणून! तेव्हा कसं वाटायचं?"

त्याचा हात ताटातच राहिला.

"आपलं येगळं हाय."

"काहून येगळं?"

 याडी, माझी आई, माझ्यावरच डाफरली, "बापाला असं बोलतं व्हय गं लेकरू?" चोवीस वर्षांचं लेकरू!

१५ ऑक्टोबर

बापूनं बोलणं टाकलं. मीही टाकलं!

२५ ऑक्टोबर, काळी अमावास्या (दिवाळी)

आज संध्याकाळी तांड्याच्या पोरी हातात दिवा घेऊन घरोघर मेरा, म्हणजे ओवाळणी, मागायला निघाल्या. मीही दिवा उचलला. याडी म्हणाली, "घोडी झालीस, आता दिवा घेऊन हिंडती काय?" लग्न होत नाही तोवर माझा हक्क आहे, का सोडू?

पहिलं दार नायकाचं. पोरींनी आशीर्वाद दिला, बापूनं एकेकीच्या ताटात नाणं टाकलं. मेरा मागणाऱ्या पोरीला रिकामं पाठवायचं नाही, ही आमची रीत. माझी पाळी आली तेव्हा मी ताट मागे घेतलं.

"मला नाणं नको. सुट्टी संपली की शाळेत ये आणि पंचफुलाबाईंच्या हातचं जेव. तोच माझा मेरा."

अंगणात सगळा तांडा. तांड्याचा कारभारी मोहनसिंगकाका आमच्या गोरमाटी बोलीत जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोरगी शिकून बाटली, एवढा त्याचा मथितार्थ! बापूची मूठ तशीच पुढं, नाण्यासकट. वारा सुटला होता. मी दिव्याला हात आडवा धरला आणि जागची हलले नाही. 

शेवटी याडीनंच दंडाला धरून मला आत नेलं. नायकाच्या दारातून पोरगी रिकाम्या ताटानं वळली, असं तांड्यात आजवर झालं नव्हतं म्हणे.

२९ ऑक्टोबर

कापूस वेचायला माझ्या ओळीला कोणी लागत नाही. भीती वाटते, कबूल. पण शब्द मागे घेणार नाही. नोकरी जायची तर जाऊ दे!

१० नोव्हेंबर, सोमवार

बापू आला!!

दिवाळीनंतरचा शाळेचा पहिला दिवस. मधली सुट्टी झाली आणि फाटकातून आत शिरला. डोक्याला नायकाचा लाल पटका, पायात नव्या वहाणा, लग्नाला निघाल्यासारखा.  पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसला. पंचफुलाबाई पळी घेऊन पुढं आल्या. "वाढू का, नायक?"

"त्याच्यासाठीच आलो, बाई."

दोनदा घेतली. आधी चार पोरं सरकली, मग सगळी. हेडसर व्हरांड्यातून बघत राहिले आणि मग म्हणाले, "मला पण थोडी आणा." वा रे वा!

मी फळ्याकडे तोंड करून रडून घेतलं.

११ नोव्हेंबर

काल संध्याकाळी तांड्याची पंचायत बसली. मोहनसिंगकाकानं सगळ्यांसमोर बापूचा पटका उतरवला. पणजोबापासून घरात असलेली नायकी गेली. बापू उघड्या डोक्यानं घरी आला, पाठ फिरवून झोपला. माझ्यामुळे झालं हे सगळं. कसं तोंड दाखवावं कळेना.

सकाळी मी शाळेला निघाले, तर तो वहाणा घालून दारात उभा.

"चाल. आनि त्या बाईला सांग, आज तिखट वाढव म्हनावं."