दिसतं तिथे जाता येईल

९ जानेवारी

आमच्या व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाचा ट्रेलर काल आला. आज दुपारपर्यंत फोरमवर अकरा हजार नोंदी! त्यातून मागण्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलंय. "तुझ्या यादीत भावना नसतात," असं दिग्दर्शक म्हणाले. बरं.

झॉम्बींना माणसाचा वास यावा. भिजलेल्या माणसाचा येऊ नये. प्रत्येक घराचं दार उघडावं. थंडीत प्रेतं गोठावीत, ऊन पडलं की पुन्हा चालावीत. सोबतीला कुत्रा हवा. कुत्रा मरता कामा नये — हे चारशे बारा जणांनी लिहिलंय. एकाचं म्हणणं, झॉम्बींनाही आठवड्याची सुट्टी द्या, बिचारे पहिल्या भागापासून राबतायत.

पण सगळ्यांत जास्त डोंगराबद्दल. ट्रेलरच्या शेवटी, मेलेल्या शहरापलीकडे उत्तरेला एक पोक आलेला डोंगर दिसतो. लोकांनी एका दिवसात त्याला नाव ठेवलं — कुबड. त्यावर पहिला कोण चढणार याच्या पैजा लागल्यात. आणि दिग्दर्शक मुलाखतीत बोलून बसलेत, "जे दिसतं तिथे जाता येईल."

येईल. डोंगर खेळात आहे. मी पाहिलाय.

बैठकीत एक नोंद मोठ्यानं वाचली गेली. लिहिणारा 'मोजणीवाला'. "बंदुका दोन कमी द्या. पण तो डोंगर नुसतं चित्र निघाला, तर मी झॉम्बींच्या बाजूनं लढेन." सगळे हसले. मीही, बेताचं.

मोजणीवाला म्हणजे माझे बाबा. ऑफिसात हे कुणाला माहीत नाही.

१२ जानेवारी

बाबांनी चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. निवृत्त झाले त्याच वर्षी आई गेली. घरात नुसते बसून असायचे, म्हणून मी खेळाचा पहिला भाग लावून दिला. एकालाही मारत नाहीत! लपतात, चालतात, आणि आलेखाच्या कागदावर नकाशा काढतात. अकरा कागद झाले. "प्रेतं हळू चालतात ही सोय आहे," म्हणतात. "जिवंत माणसं मोजणीच्या वेळी अंगावर धावून यायची."

पहिल्या भागाचा कोपरान् कोपरा काढून झालाय. आता दुसऱ्याची वाट. जून.

२० जानेवारी

बाबांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. उजव्या डोळ्याचं मधलं गेलंय, हे त्यांनी मला आज सांगितलं. बाबांना आधीच माहीत होतं.

"डावा?" मी विचारलं.

"कडेचं दिसत राहील. मधलं जाणार. सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा."

एका आकड्याच्या दुप्पट दुसरा. याला अंदाज म्हणत नाहीत.

जिना उतरताना बाबा म्हणाले, "जूनपर्यंत पुरेल की. ताणून वापरू."

३ फेब्रुवारी

आज खेळातला उत्तर भाग मोजला, डोंगरासकट. खेळ अडखळता कामा नये, हे पाहणं माझं काम. सर्वांत साध्या यंत्रावर शहर, नदी, कारखाना सगळं बसतं. उत्तर जोडली की मेमरी आठशे एमबीनं कमी पडते. तीनदा मोजलं. तीनदा तोच आकडा.

अहवाल पाठवला.

५ फेब्रुवारी

बैठक. मी, दिग्दर्शक आणि डोंगर ज्यानं उभा केला तो चित्रकार. चित्रकार म्हणाला, "जूनच्या पुढे सहा महिने द्या. झाडं विरळ करतो, दगड कमी करतो. बसवतो."

दिग्दर्शक माझ्याकडे वळले. "सहा महिन्यांत बसेल? खात्री देतेस?"

"नाही."

खात्री नव्हतीच. हे उत्तर अचूक होतं. पण ते देताना माझ्या डोक्यात मेमरी नव्हती, जून होता. सहा महिने म्हणजे पुढची थंडी. तोवर बाबांना काय दिसणार!

ठरलं. खेळ जूनमध्येच येणार. उत्तर कापायची. डोंगर दूरवर दिसेल, पण सपाट चित्र म्हणून. शहराच्या वेशीवर न दिसणारी भिंत.

बाहेर पडताना चित्रकार म्हणाला, "तुझा आकडा आला आणि माझा डोंगर झोपला." हसत म्हणाला. मला हसता आलं नाही.

६ फेब्रुवारी

बाबांनी नवा कागद टेबलाला चिकटवलाय. कोरा. फक्त वरच्या कडेला, मधोमध, एक लहान त्रिकोण.

सांगता येत नाही. बाहेर काही बोलणार नाही असं नोकरीच्या पहिल्याच दिवशी लिहून दिलंय. आणि तसं लिहून दिलं नसतं, तरी सांगितलं असतं का?

२ मार्च

चित्रकाराला आणि त्याच्या हाताखालच्या चौघांना नोकरीवरून निरोप. उत्तर नाही, तर उत्तरेची माणसं कशाला!

फोरमवर कुबडाच्या उंचीवरून भांडण. कुणी सावलीवरून हिशेब मांडलाय. चुकलाय, पण मेहनत केलीय.

१९ मार्च

बाबा आता अक्षर वाचू शकत नाहीत. संध्याकाळी फोरम मी वाचून दाखवते. ते माझ्या कानाकडे बघत ऐकतात. "तुझं तोंड बघायचं तर कानाकडे बघावं लागतं," म्हणाले. "अशानं तुझे कान मला पहिल्यांदाच नीट कळले. आईचेच आहेत."

आज एकानं लिहिलं होतं, 'डोंगर खोटा असणार, पैज लावतो.' ते मी गाळलं.

८ एप्रिल



आमची चाचणीवाली — तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण दिवसभर भिंतींच्या कडेनं फटी शोधत फिरते — सकाळी माझ्या टेबलाशी आली. "ताई, तुझ्या फेब्रुवारीच्या मोजणीत तो मोजणारा प्रोग्रॅम चालूच होता का गं?"

चालू होता.

तो स्वतःच अकराशे एमबी खातो. मोजल्यावर त्याचा वाटा वजा करायचा असतो. ही पहिल्या वर्षाची पोरं करतात ती चूक. तीनदा मोजलं, तीनदा भांड्याचंच वजन मालात धरलं.

कमी पडत होते आठशे. प्रोग्रॅमचे अकराशे. म्हणजे उत्तर बसत होती. एक दगडही कमी न करता, जूनमध्येच बसत होती. तीनशे उरत होते.

मुंगी म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही."

९ एप्रिल

बाबांना विचारलं, तुमची मोजणी कधी चुकली होती?

"एकदा. दोघा भावांची हद्द. हातभर सरकली. घरी येऊन कागद पाहिला तेव्हा कळलं."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी गेलो, सांगितलं. दोघांनी मिळून शिव्या घातल्या. त्या शिव्यांवर भाऊ एक झाले की गं! पण खुंटी हलून जागेवर आली."

१० एप्रिल

सांगितलं. दिग्दर्शक बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले.

"परत जोडायचं तर?" मी म्हटलं.

"कोण जोडणार? डोंगर कळणारी पाचही माणसं मी घालवली. सव्वा महिन्यात त्यांच्यामागून सगळं बदललंय. तो आता नव्या खेळात उभाच राहणार नाही."

"मी करते. रात्रंदिवस —"

"तू चढ बांधू शकतेस? वाट काढू शकतेस?" मग हळू आवाजात, "नाही ना? मग जा. आणि यापुढे कुणाला सांगू नकोस. तुझ्यासाठी म्हणतोय."

त्यांनी शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

११ एप्रिल

काही नाही.

४ मे

चित्रकाराला फोन केला. त्यानं तीनदा वाजू दिला. उचलला तेव्हा मी सगळं एका दमात सांगितलं. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं मीच जड केला." आणि फोन ठेवला.

तीन महिने तो माणूस स्वतःला दोष देत होता.

२७ मे

डॉक्टरीणबाईंनी डाव्या डोळ्यात उजेड टाकला. खूप वेळ. सहाही नाही, चारच महिने पुरला.

बाबा रिक्षात म्हणाले, "जरा आधी संपलं. खेळ कधी येतोय गं?"

तेवीस दिवस, मी म्हटलं.

"मग तू चालव. मी बसतो शेजारी."

१९ जून

खेळ आला. दुपारपर्यंत पहिली पैजवाली टोळी वेशीवर पोचली आणि हवेला धडकली. त्याचा व्हिडिओ सगळीकडे. 'कुबड पुठ्ठ्याचं.' 'खोटारडे.' 'दोन वर्षं वाट पाहिली ती या भिंतीसाठी?' एकानं फार साधं लिहिलंय — 'मला कुणाला मारायचं नव्हतं, फक्त तिकडे जायचं होतं.' त्यावर मी बराच वेळ अडकले.

ऑफिसात कुणी कुणाकडे बघत नाही. फोरमवर कुणीतरी विचारतंय, मोजणीवाला कुठे गेला? त्याचं काय म्हणणं?

बाबांना आज काही वाचून दाखवलं नाही. इंटरनेट बंद आहे म्हणून सांगितलं.

२० जून

बाबा शेजारी बसले. मी चालवत होते. वेशीपर्यंत आलो. म्हणाले, "आता उत्तरेला धर. थांबू नकोस." मी बटण दाबून धरलं. भिंतीला टेकलेला माणूस जागच्या जागी चालत राहतो, पावलांचा आवाज येत राहतो. बाबा डोळे मिटून पावलं मोजत होते. पडद्यावर डोंगर होता तेवढाच होता. तेराशे चाळीसला मी बटण सोडलं आणि म्हटलं, पोचलो बाबा, माथ्यावर.

बाबांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "चढावर माणसाचं पाऊल आखूड पडतं गं. हे सपाटीवरच वाजत होतं."

त्यांनी चाचपत माझा हात धरला.

"असू दे. आलोच आहोत तर सांग, वरून काय काय दिसतंय?"