बाबांनी तुझ्या बागेत मीठ टाकलं, त्याबद्दल

प्रिय आत्यास,

नमस्कार. जमिनीत तेल आणि मीठ दोन्ही मुरलं असेल, तर आधी काय काढायचं? मातीचं शास्त्र शिकून पदवी घेतलेली आपल्या घरातली मी पहिली, म्हणजे हे मला यायला हवं. येत नाही. माती तुझीच आहे, म्हणून हे पत्र. (बसून वाच. रक्तदाब कसा आहे? तू निवृत्त होणार म्हणून वॉर्डातल्या नर्सेस रडतायत, की नुसत्याच तसं सांगतायत?)

झालं असं, की आपल्या घरामागच्या तुझ्या मोकळ्या जागेला लागून जाणारी तेलविहिरीची पाइपलाइन फुटली. विहिरीतून नुसतं तेल येत नाही, सोबत खारं पाणीही येतं, आणि दोन्ही तुझ्या भावी बागेत पसरलं. मी कामाच्या गावी, प्रयोगशाळेत परक्यांची माती तपासत होते. जागेवर लक्ष ठेवायला तू बाबांना सांगितलं होतंस, आणि ते त्यांनी फार मनावर घेतलं. त्यांचं सगळं आयुष्य कारखान्याच्या कँटीनमध्ये गेलं. तिथे फरशीवर तेल सांडलं की वर मीठ टाकायचं, ते तेल धरून ठेवतं, मग झाडून घ्यायचं. पद्धत अगदी बरोबर आहे, फरशीसाठी. बाबांनी मिठाची पोती आणून तुझी अख्खी जागा खारवली आणि मग झाडायला गेले. झाडू तिथेच चिकटला. (अजून तिथेच आहे.) मला फोनवर म्हणाले, तेल जरा हट्टी निघालं, पण मीठ छान बसलंय.

मी घरी येऊन त्यांना समजावलं. मीठ धुवायला पाणी लागतं, पण तेलकट माती पाणी आत घेत नाही. तेल खाऊन टाकणारे जिवाणू मातीत असतात, पण एवढ्या मिठात ते तहानेने अर्धमेले होतात, मग खाणार काय? शिवाय मिठाने चिकणमाती घट्ट बसते, आत हवाही जात नाही. बाबांनी मान डोलावत सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग साबण टाकू का?"

पुढे तेल कंपनीचे साहेब आले. ते या सगळ्यावर ट्रकभर लाल माती पसरून वर हिरवळ लावून देणार आहेत, तीही तू यायच्या आत. बाबा खूश. मी म्हटलं, ऊन तापलं की खालचं मीठ ओलाव्याबरोबर वर चढेल, तू लावशील ते गुलाब चार दिवस हसतील आणि मग माना टाकतील. त्यापेक्षा मातीत पेंढा मिसळून ती मोकळी करू, मिठाची पकड सोडवायला जिप्समची भुकटी घालू, चर खणून गोड्या पाण्याने मीठ खाली उतरवू. वर्ष-दोन वर्षं नुसती काळी ढेकळं दिसतील, पण माती जगेल.

बाबांनी खिडकीतून त्या चिकटलेल्या झाडूकडे बघितलं. मग म्हणाले, "ताई जन्मभर दुसऱ्यांच्या खोल्यांत राहिली. येईल त्या दिवशी तरी तिला बाग दिसू दे." मी चहा करायला उठले.

तब्येतीला जप. जिना चढताना घाई करू नकोस.

तुझी,
घरातली एकुलती एक मातीतज्ज्ञ

ता. क. बाबांना रागावू नकोस. तुझा फोन वाजला की ते अजूनही उभं राहून बोलतात.

ता. क. २ खरं काम हे, की साहेबांना फोन करून ट्रक नको म्हणून सांग. जागा तुझी, ते तुझंच ऐकतील. मला ते 'बेटा' म्हणतात आणि बाबांशी बोलायला लागतात.

ता. क. ३ पाकीट चिकटवणार तेवढ्यात ट्रक आला. साहेब पुढेच बसले होते. मी फाटकात उभी राहून तुझ्या आवाजात बोलले. (तो आपल्या घरात सगळ्यांनाच काढता येतो. बाबा आतून चप्पल न घालताच धावत आले, त्यांना वाटलं तूच आलीस.) आत्यांशी माझं आत्ताच फोनवर बोलणं झालंय, त्या नाही म्हणाल्यात, असं मी ठणकावून सांगितलं. ट्रक माती घेऊन परत गेला. तेव्हा पुढे कधी साहेबांनी तुला विचारलंच, तर तू नाही म्हणून मोकळी झाली आहेस.