चेंडू कुणाच्या घरी

मी, लियुदास ग्रिगोनिस, वय त्रेसष्ट, राहणार झालियाकाल्निस, कौनास, आधी बास्केटबॉलपटू आणि नंतर तेवीस वर्षे टीव्हीवरचा समालोचक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांनी दोष फुप्फुसात काढला आहे, डोक्यात नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. स्वयंपाकघरातून पत्नी विचारते आहे, "एवढं काय लिहितोयस? वाटायला आहे काय आपल्याकडे?" तिने शेवटपर्यंत वाचावे.

कलम १. लाकडी घराचा आमच्या मालकीचा खालचा मजला आणि बँकेतील सर्व शिल्लक पत्नी गेनुते हिला द्यावी. वरचा मजला शेजाऱ्याचा आहे. त्याच्या नळाचे पाणी तीस वर्षे आमच्या भिंतीत मुरते आहे आणि तीस वर्षे तो "उद्या बघतो" म्हणतो आहे, याची नोंद असावी.

कलम २. शहराबाहेरची सहा गुंठ्यांची बाग, काचघर व काकड्यांच्या वेलांसह, मुलगी युर्गा हिला द्यावी. ती नॉर्वेत राहते आणि काकड्या दुकानातून आणते. तरीही तिलाच द्यावी.

कलम ३. पदके, चषक आणि जर्मनीतल्या संघाचे जाकीट आमच्या जुन्या व्यायामशाळेला द्यावे, पण काचेच्या कपाटात माझी पदके झेनोनास वाइच्कुस याच्या पदकांशेजारी ठेवू नयेत. झेनोनास, म्हणजे सगळ्या देशाचा झेन्का, पश्चिमेकडच्या, गावरान बोलीच्या झेमाइतियातल्या खेड्यातून आला आणि अकरा हंगाम माझ्याबरोबर खेळला. त्यांपैकी सात हंगाम संघात सर्वांत जास्त गुण माझे होते. नोंदवह्या आहेत, कोणीही पाहाव्यात. मॉस्कोच्या संघाशी झालेल्या सामन्यात मी एकतीस गुण केले. झेन्काने चार केले, त्यातले दोन शेवटच्या सेकंदाला, चेंडू कमरेजवळून खराट्याने कचरा लोटावा तसा फेकून. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानभर मिरवले. त्यातला एक खांदा माझा होता. वरून तो मला म्हणाला, "लियुदास, गड्या, जरा सरळ चाल की, पडंन ना मी." त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला आणि मग ती सवयच लागली.

कलम ४. शब्दांचे आघात, म्हणजे कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा ते, दाखवणारा कोश, सोबत माझ्या टिपणांच्या सहा वह्या, शेजारच्या शिक्षिका एल्विराबाई यांना परत द्यावा. टीव्हीने झेन्काला आणि मला एकाच दिवशी नोकरीवर घेतले. आमच्याकडे टीव्हीवर बोललेला शब्दन् शब्द भाषेचे निरीक्षक ऐकतात आणि चुकीला दंड होतो. म्हणून मी दोन हिवाळे एल्विराबाईंच्या ओट्याशी बसून आघात घोकले. तेवीस वर्षांत मला एकदाही दंड झाला नाही. असा दुसरा समालोचक या देशात झालेला नाही, आणि हे मलाच लिहावे लागते आहे, कारण दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलेले नाही.

झेन्काने काहीच घोकले नाही. आमच्या शुद्ध भाषेत खेळाडू चेंडू बाळगतो, चेंडू खेळाडूच्या घरी आहे असे म्हणत नाहीत. "च्या घरी" फक्त माणसाबद्दल म्हणायचे असते, कारण पाहुणा म्हणून माणूस जातो, वस्तू जात नाही. ही चूक आमच्याकडे शाळेत कान धरून काढतात. झेन्का पहिल्याच सामन्यात म्हणाला, "चेंडू आता लांबूच्या घरी. लांबू काय त्याला जेवल्याशिवाय सोडत न्हाय." महिन्याभरात अंगणाअंगणात पोरे ओरडू लागली, "चेंडू कुणाच्या घरी?"

आमच्या घरीही तेच. माझा सामना असला की गेनुते इस्त्री करी आणि आवाज बारीक ठेवी. "तू घरात बोलतोस तसंच तिथं बोलतोस," म्हणे. झेन्काचा सामना असला की बटाटे किसता किसता तिचा हात थांबे. एकदा मी विल्नियसहून फोन केला, तर म्हणाली, "नंतर कर, झेन्का बोलतोय."

"अगं, मी बोलतोय."

"तू काय, रोजच बोलतोस."

आणि पलीकडून तिचे हसणे ऐकू आले. माझ्या बोलण्यावर ती तशी कधी हसली नव्हती. मी फोन हातात धरून ते ऐकत उभा राहिलो. त्याच आठवड्यात मी पहिले पत्र लिहिले.

कलम ५. या कलमाने मी कोणाला काही देत नाही. निरीक्षकांकडे झेन्काविरुद्ध गेलेली एक्केचाळीस पत्रे मी लिहिली. खाली सह्या निवृत्त शिक्षकांच्या होत्या. असे शिक्षक कोठेही नव्हते. सामन्यांसाठी जेथे जाई तेथून ती टाकत असे: श्याउल्याइ, आलितुस, उतेना. प्रत्येकात तारीख, मिनिट, चूक आणि शुद्ध रूप दिलेले असे. दंडावर दंड झाले. तेव्हा गाडीत त्या पत्रांविषयी झेन्का मला म्हणाला, "कोण म्हातारी हाय रं ही? बायकोनं कधी माझं इतकं ध्यान देऊन ऐकलं न्हाय." मी त्याच्याबरोबर हसलो. नवव्या वर्षी त्याला काढले आणि त्याची खुर्ची मला मिळाली. त्या खुर्चीवर मी चौदा वर्षे अगदी शुद्ध बोललो. लोक आवाज बारीक ठेवून सामने बघत राहिले.

झेन्का झेमाइतियात, प्लुंगेला परतला आणि शाळेच्या बॉयलरवर लागला. मी आजारी पडल्यापासून तो दर रविवारी बसने येतो. गेनुतेसाठी आंबट सायीचे लसूण घातलेले लोणी आणतो आणि माझ्या उशाशी बसून गावच्या गोष्टी सांगतो. मला तपासायला घरी येणारी नर्ससुद्धा दारात रेंगाळते. आणि मला, मरणाच्या दारात बसलेल्याला, त्या नर्सच्या रेंगाळण्याचाही हेवा वाटतो. लाज वाटते, पण हेवा आधी वाटतो.

कलम ६. दफनानंतरच्या जेवणात बोलायला टीव्हीचे साहेब येतील. ते शुद्ध बोलतील आणि लोक खाली मान घालून सूप पितील. ते मला नको. माझ्याविषयी झेन्काने बोलावे अशी माझी इच्छा आहे, आणि मागे ठेवून जातो आहे त्या सगळ्यांत मला एवढ्या एकाच गोष्टीची काळजी आहे. त्याचा आवाज चाळीस वर्षे दुसऱ्यांसाठी ऐकला. एकदा तो माझ्यासाठी हवा आहे. गेनुतेने त्याला आधीच विचारले आणि तो "बोलंन की" म्हणाला. पण तो होकार त्याने मित्राला दिला होता, आणि मी कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हते. तसे फसवून घेतलेले भाषण मला नको. तोंडाने सांगायचे धैर्य तीन रविवार झाले नाही. म्हणून मी त्याला या मृत्युपत्राचा साक्षीदार करतो. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे नोटरीबाई म्हणाल्या. याने मात्र सही करण्याआधी सगळे वाचावे, आणि बोलायचे की नाही ते मग ठरवावे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष मी खाली सही केली आहे.

लियुदास ग्रिगोनिस
कौनास, रविवार, १७ नोव्हेंबर २०१९

साक्षीदार पहिली: एल्विरा मोत्स्कुते, निवृत्त शिक्षिका, झालियाकाल्निस. सही माझ्यासमोर झाली. मजकुरात भाषेची चूक आढळली नाही.

साक्षीदार दुसरा: झेनोनास वाइच्कुस, प्लुंगे. सगळं वाचलं, दोनदा वाचलं. पत्रं तुझी हे मला आत्ता कळलं. सही करतो, कारण तू माझ्यासमोर सही केलीस हे खरं हाय. जेवणाला येईन, ते गेनुतेसाठी. बोलणार न्हाय. शुद्ध बोलणारा कुणीतरी बघ.