श्वासाची जागा

२ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,

अनेक आशीर्वाद.

यंत्रासमोर बसून ‘ही फाइल इथे चालत नाही’ हे वाक्य ज्यांनी ज्यांनी वाचलं आहे, त्या सगळ्यांची मी आज बहीण झाले. तू तरुण, मी म्हातारी, पण हा अपमान दोघींना सारखाच. आपण गाणं घेऊन दारात उभं राहायचं आणि आतून कुणीतरी सांगायचं, या कपड्यांत प्रवेश नाही.

झालं असं, की आमच्या बंद पडलेल्या काचेच्या कारखान्याची धुऊनपुसून दुकानं केली आहेत. उद्घाटनाला जुन्या कामगारांनी एक गाणं म्हणावं, असं तिथल्या व्यवस्थापकाला वाटलं. आम्ही हो म्हटलं, पण गाणं आमचंच. भट्टीसमोर फुंकणी तोंडाला लावून काच फुंकणाऱ्यांनी संपात रचलेलं. त्याने मान डोलावली. शब्द बहुधा ऐकलेच नसावेत. मग म्हणाला, व्यासपीठावर कीबोर्ड नको, वायरी दिसतात. साथ आधी भरून आणा, एमपीथ्री करून.

माझा कीबोर्ड भरतो मिडी, आणि ती फाइल त्यांच्या यंत्रावर चालेना. मी एका संकेतस्थळावर फाइल चढवली, एमपीथ्री उतरवून घेतली, ऐकली, तर पियानोच्या जागी चावीचं खेळणं टिंगटिंगतंय. आमच्यातला एकजण आयुष्यभर कंदिलाच्या काचा फुंकत आला, त्याला आम्ही कंदीलमामाच म्हणतो. तो म्हणाला, या साथीवर गायचं तर आपल्यालाही मागून कुणीतरी चावी द्यायला हवी.

मूळ फाइल मेलने पाठवली आहे. तू आवाजाच्या कंपनीत काम करतेस, हे घरात नुसतं मिरवायला आहे का? काहीतरी कर. आणि तुझ्या बाबाला सांग, त्याच्या बहिणीची बोटं अजून चालतात. आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझी आत्या

---

८ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

खेळण्याचा दोष तुझा नाही आणि त्या संकेतस्थळाचाही पुरता नाही. मिडीत आवाज नसतोच गं. कोणती पट्टी, कधी, किती जोरात आणि किती वेळ दाबली, एवढंच त्यात असतं. तिची एमपीथ्री करणारा त्याच्याजवळचा पियानो त्यावर चढवतो. त्यांच्याकडचा स्वस्तातला होता. मी आमच्याकडचा चांगला चढवला आणि एमपीथ्री केली. सोबत पाठवली आहे, ऐक. बाबा म्हणाले, ही आपली ताई वाटतच नाही, कुणीतरी मोठी कलाकार वाटते. ते कौतुकाने म्हणाले, लगेच भांडू नकोस.

आणखी एक भेट दिली आहे. तुझे सूर ठेक्याच्या कधी पुढे, कधी मागे पडत होते. मधेमधे तू नुसतीच थांबत होतीस. मी सगळे ओढून रेषेवर बसवले, जादा रिकाम्या जागा कापल्या. आता गाणं नेमून दिलेल्या वेळेत चपखल बसतं. त्या कार्यक्रमाची ध्वनिव्यवस्था आमच्याच कंपनीकडे आहे आणि बटणं माझ्या हातात असणार. साहेबांनी ऐकून पसंत केली.

औषध वेळेवर घेतेस ना? उत्तर लवकर येऊ दे, आणि रागवायचं झालं तर प्रेमाने.

तुझी ढब्बू

---

१३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते दात-ओठ खाऊन देते आहे.

तुझा पियानो झकास. त्यावर काल सगळी मंडळी तालमीला उभी केली. दुसऱ्या कडव्यात कंदीलमामा मागे पडला. तिसऱ्यात भट्टीवरच्या आमच्या उंच लांबूने टेबलाचा काठ धरला आणि ओठ नुसते हलवत राहिला. चौथं कडवं तुझा पियानो एकटाच वाजवत निघून गेला. मग लांबू म्हणाला, की आपलं वय झालं, बाबांनो, नाही म्हणून कळवून टाकू. ज्या माणसाला मालकाने कामावरून काढलं तेव्हा तो फाटकातून हलला नाही, त्याला तुझ्या भेटीने घरी पाठवलं.

मी ठेक्याच्या मागेपुढे होते ती बोटं थरथरतात म्हणून नव्हे. मी वाजवताना माझ्या डोळ्यांसमोर माणसं असतात. कंदीलमामाचा श्वास दोन हप्त्यांत आत जातो, म्हणून तिथे मी थांबते. लांबूला शेवटच्या कडव्याआधी छाती पुन्हा भरावी लागते, आणि ती कधी लवकर भरते, कधी नाही, म्हणून तिथे मी सगळ्यात लांब थांबते. फुंकून फुंकून ज्यांनी गावभरच्या बाटल्या नि दिवे घडवले, त्यांच्याकडे आता फुंकायला एवढंच उरलं आहे. त्या काळी कारखान्याच्या डॉक्टरने यांच्या छात्या ठणठणीत ठरवल्या होत्या. आता तुझ्या यंत्राने ठरवल्या. दोघांनाही त्यांना विचारावंसं वाटलं नाही.

तू ज्यांना रिकाम्या जागा म्हणतेस, तेच आमचं गाणं आहे. बाकीचं कुणीही वाजवील.

एमपीथ्रीतून त्या जागा परत काढता येत नाहीत, एवढं मलाही कळलं आहे. मूळ मिडी पुन्हा पाठवते. तिला तुझा तो चांगला पियानो घाल आणि बाकी एका सुराला हात लावू नकोस. कार्यक्रम लांबला तर लांबू दे. त्या आवारात आमची माणसं जेवणाच्या सुट्टीतही घड्याळाकडे बघत घास गिळायची. पाहुणे म्हणून बोलावून पुन्हा तेच घड्याळ लावणार असतील, तर मी व्यासपीठावर चढून हेच सगळं माइकवर सांगेन, आणि मला आवरायला तुझा बाबासुद्धा धजणार नाही.

राग पत्रापुरता. जीव आहे तिथेच आहे.

आत्या

---

१८ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

मूळ मिडीची जशीच्या तशी एमपीथ्री केली. चांगला पियानो, बाकी हात नाही. बाबांना ऐकवली. लांबूच्या जागेवर ते म्हणाले, बंद पडलं वाटतं. मी तुझं पत्र पुढे केलं. मग त्यांनी पुन्हा लावायला सांगितली आणि त्या जागेवर डोळे मिटून बसले. मोठी कलाकार वगैरे काही बोलले नाहीत. म्हणाले, हो, ही ताई.

साहेबांकडे मात्र ठिणगी पडली. त्यांचं म्हणणं, पाहुण्यांना खोळंबा आवडत नाही, सरळ केलेलीच लाव. मी म्हटलं, ती नाही. त्यांनी विचारलं, कुठे गेली? मी म्हटलं, पुसली. आमच्या संगणकावरून, माझ्या हाताने. आता आहे ती एकच आहे, आणि ती नको असेल तर बटणांपाशी दुसरं कुणीतरी बसवा. ते पुष्कळ काही बोलले. उद्घाटनानंतर मला बोलावलं आहे. त्याची तू काळजी करू नकोस, मी तुझीच भाची.

मला भीती दुसरीच आहे. लांबूच्या जागेवर लोकांना वाटेल गाणं संपलं. टाळ्या पडतील, निवेदक माइक घेईल, आणि त्या गोंगाटात पियानो पुढे निघून जाईल. बटण माझ्या हातात आहे, माणसं नाहीत. तू काहीतरी सुचव, आणि आता माझ्यावर भरवसा ठेव.

तुझी ढब्बू

---

२१ फेब्रुवारी

चि. ढब्बूस, आणि तिच्या शेजारी बसून हे वाचणाऱ्या माझ्या सगळ्या गोतावळ्यास,

आशीर्वाद. पोरी, तुला आज दोनदा.

नव्या एमपीथ्रीवर तालीम झाली. लांबू चारही कडवी गायला, आणि वर म्हणाला की पियानो जरा जास्तच थांबतो. म्हणजे माणूस ताळ्यावर आला. नाही म्हणून कळवायचं कुणी आता काढत नाही.

तुझी भीती खरी आहे. त्यावर यंत्राकडे उपाय नाही, तुमच्याकडे आहे. भाऊराया, वहिनी, जावई, पोरंटोरं, शेजारपाजार, जे जे येणार आहात ते मागे कोपऱ्यात नातेवाइकांसारखे बसू नका. लवकर या आणि पुढच्या रांगा धरा. पाहुण्यांच्या खुर्च्या आहेत म्हणून कुणी उठवायला आलं, तर आपणही बोलावलेलेच आहोत असं सांगून बसून राहा. लोक टाळी वाजवतात ती पुढच्या रांगा बघून, हे मी इतक्या सभा गाजवून शिकले आहे.

तिसरं कडवं संपेल. पियानो थांबेल. लांबू तोंड उघडून उभा राहील आणि काहीच ऐकू येणार नाही. निवेदक उठेल. सभागृह चुळबुळेल. तुमचे हात शिवशिवतील, कारण आपल्या माणसाला अवघडलेलं बघवत नाही.

त्या वेळी एकानेही टाळी वाजवू नका. त्याला श्वास घेऊ द्या.

तुमची
आत्या